रवीने बांधलेली गाठ

झुंबर गांगुर्डे नाशिकच्या एका बस वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होता. सुट्टीच्या दिवशी मात्र तो डोंगरात अडकलेल्यांना सोडवायला जायचा. चौदा वर्षं झाली, पदरमोड करून. त्याच्या बचाव पथकाच्या यादीत बावीस नावं होती. त्या रविवारी दुपारी आले दोघंच, रवी आणि योगिनी.

अंजनेरीच्या डोंगरावर वेदिका नावाची कॉलेजातली मुलगी अडकली होती. मोबाइलवरच्या नकाशाच्या भरवशावर ती एकटीच उतरत होती. धुकं दाटलं, वाट चुकली आणि घसरून ती कड्याच्या अरुंद टप्प्यावर पडली.

"बॅटरी किती उरलीय?" झुंबरने फोनवर विचारलं.

"सहा टक्के. काका, काहीच दिसत नाहीये!"

"ऐकू काय येतंय?"

"डावीकडे पाणी पडतंय. जवळच."

"मग कळलं कुठेयस ते. जागची हलू नकोस. फोन बंद ठेव."

तासाभरात तिघं त्या कड्याच्या माथ्यावर पोचले. हाक मारताच खालून बारीक 'ओ' आली. रवीने भराभर दोर खडकाला बांधला.

"उतरा, दादा."

झुंबरने सवयीने गाठ चाचपली. शेवटचा फेरा घेतलेलाच नव्हता. रवीच्या हातून असं कधीच झालं नव्हतं.

"झोपला होतास कधी?"

"परवा. काल हरिहर गडावरून दोघांना काढलं, मग रात्रपाळी..."

"बाजूला बस. दोराला हात लावायचा नाही."

"अहो, मग वर ओढणार कोण?"

खाली दगड घरंगळला. वेदिका किंचाळली.

तरी झुंबरने गाठ सोडून नव्याने बांधली आणि योगिनीकडून तपासून घेतली. वर ओढायला माणसं नव्हती. तिला घेऊन खालीच उतरायचं होतं. दोर पुरेल की नाही, धुक्यात कळत नव्हतं. टप्प्यावर पोचून त्याने तिला स्वतःच्या पट्ट्याला अडकवलं. पाय गवतावर टेकले तेव्हा हातात वीतभर दोर उरला होता.

"घरी सांगून निघाली होतीस?"

तिने रडत नकारार्थी मान हलवली. तो रागावणार होता, पण अंगात त्राणच नव्हतं.

रवीला त्याने महिनाभर यादीतून काढलं. रवीने बोलणं टाकलं.

पुढच्या रविवारी ब्रह्मगिरीवरून फोन आला. या वेळी झुंबर आणि योगिनी, दोघंच हजर होते. "आम्ही येऊ शकत नाही," झुंबर पहिल्यांदाच म्हणाला आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या पथकाचा नंबर फिरवला. माणूस सुखरूप सापडल्याचं कळेपर्यंत तो फोनजवळून हलला नाही.