मृदंगामागे चालणारा लॅपटॉप

मी तिसऱ्यांदा मारोतीकाकांच्या इअरफोनचा आवाज वाढवला आणि तिसऱ्यांदा ते वाजवता वाजवता लॅपटॉपच्या पुढे निघून गेले. प्रयोगाला दोन तास उरले होते.

मी हिंगोलीत साउंडची कामं करतो. पुण्याहून मेघना मॅडम आल्या होत्या. त्या प्रेक्षकांसमोर बसून लॅपटॉपवर तिथल्या तिथे आवाज घडवतात. सोबतीला शिरड शहापूरच्या काकांचा मृदंग. विषय होता वेळ. हॉलमधलं घड्याळ झाकायचं, मोबाइल बाहेर ठेवायचे आणि किती वेळ गेला असं वाटलं ते प्रेक्षकांनी शेवटी चिठ्ठीवर लिहायचं.

काकांचं नाव मीच सुचवलं होतं. भजनात त्यांच्या शेजारी बसून मी ताल शिकलो. आज चार ठिकाणी मला बोलावतात ते त्या जोरावरच.

अडचण क्लिकची होती. क्लिक म्हणजे वाजवणाऱ्याच्या कानात सोडलेली एकसारखी टकटक. लॅपटॉप तिच्यावर चालतो, वाजवणाऱ्यानेही चालायचं. काका सत्तरीचे. मला वाटलं, ऐकू कमी येत असेल. साउंडवाल्याला प्रत्येक दुखण्यावर आवाज वाढवणं एवढंच औषध माहीत.

मॅडमनी मला बाजूला घेतलं. दोघांची लय जुळत नसेल तर मृदंगाचं रेकॉर्डिंग लावू, काकांना नुसतं समोर बसवू, असं त्या शांतपणे म्हणाल्या. आणि हे काकांना मलाच सांगायचं होतं.

मी गेलो, पण जीभ रेटेना. विचारलं, "काका, टकटक ऐकू येत नाही का?"

त्यांनी इअरफोन काढला. "बराबर येऊन राहिली की. पण भजन चढलं की हात चढतो. ती जागची हलत न्हाई. मी तिच्यासाठी काहून थांबू?"

मला लाज वाटली. भजनाची लय हळूहळू चढवत न्यायची, हे मला याच माणसाने शिकवलं होतं.

मॅडमच्या सॉफ्टवेअरमध्ये टॅप टेम्पो नावाचं बटण होतं. त्यावर बोटाने ठोके दिले की मशीन तो वेग पकडतं. मी म्हणालो, क्लिक बंद करा, काकांचा हात बघून ठोके मी देतो.

"आणि तुम्ही चुकलात तर?"

"तर चूक माझी. पण काकांना वाजवू द्या."

आम्ही करून पाहिलं. काका चढले, लॅपटॉप मागोमाग चढला. मॅडम हसल्या, मान डोलवत राहिल्या. रेकॉर्डिंगचा विषय पुन्हा निघाला नाही.

प्रयोग पन्नास मिनिटं चालला. माझं बोट आखडून गेलं. चिठ्ठ्यांवर बहुतेकांनी वीस-पंचवीस मिनिटं लिहिली होती. मॅडमनी वाकून काकांना नमस्कार केला, तर काका अवघडून म्हणाले, "मी रोजच्यासारखंच वाजवलं बाई. तुमचं मशीन गुणाचं हाय, मागं मागं आलं."

माझे डोळे भरून आले. काकांचे उपकार मोठे आहेत. मशीनला माणसामागे चालवायचं बटण मॅन्युअलमध्ये सापडतं. माणूस कुठे निघालाय ते मात्र भजनात बसल्याशिवाय कळत नाही.