मढ्यांचे कपडे शिवणारे हमीदचाचा

वडील गेले तेव्हा मी सातवीत होते. घरात भात असायचा, त्यावर वरण असेलच असं नाही. आईने खडकी बाजारात हमीदचाचांच्या दुकानात काज-बटणाचं काम धरलं. लष्करातल्या लोकांचे गणवेश शिवणारं ते दुकान. शाळा सुटली की मीही तिथेच, कापडाच्या ठाणाला टेकून अभ्यास करायचे.

मशीनशेजारी छोटा टीव्ही होता आणि त्यावर सदा मढी चालत असायची. झॉम्बींचे स्वस्तातले, पडेल पिक्चर. गालाला पीठ फासलेलं मढं हात पुढे करून यायचं आणि त्याच्या मनगटावर घड्याळ असायचं. चाची होत्या तेव्हा दोघं नवरा-बायको हे बघून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचे म्हणे. चाची गेल्या. पिक्चर चालूच राहिले, पण चाचा हसेनात. दुपारी एकटे डबा उघडायचे आणि टीव्हीचा आवाज वाढवायचे. आई पाठ करून बसायची. तिला ते अभद्र वाटायचं.

मी एकदा विचारलं, "चाचा, हसू येत नाही, तर बघता कशाला?"

"चांगल्या पिक्चरमध्ये मेलेला मेलेलाच राहतो," ते म्हणाले. "हे येडे निदान परत तरी येतात." मग सुईत दोरा ओवत, "आणि असला पिक्चर एकट्याला हसवत नाही बेटा. शेजारी कुणीतरी लागतं."

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. मी चढले, आणि हे मी मान वर करून सांगते. शेवटच्या वर्षाला वर्गातल्या पोरांनी स्वतःच एक विनोदी झॉम्बीपट काढायचं ठरवलं. मढ्यांना फाटके कपडे हवे होते. मी चाचांचं नाव सुचवलं. तेवढीच त्यांना चार माणसं भेटतील.

शूटिंगच्या सकाळी चाचा गठ्ठा घेऊन आले. कपडे फाडलेले होते खरे, पण प्रत्येक फाटक्या कडेला बारीक तुरपई. वर कडक इस्त्री.

आमचा दिग्दर्शक निखिल म्हणाला, "अहो चाचा, हे कबरीतून उठलेत. कलेक्टर कचेरीतून नाही."

"मेला म्हणून काय झालं? सुतं लोंबत लोकांत जायचं?"

उसवत बसायला वेळ नव्हता. तेच कपडे घालून मढी उभी राहिली.

परत येताना चाचा बसमध्ये हळूच म्हणाले, "कफनाला टाका नसतो गं. कोरं कापड, बस. जन्मभर लोकांचं शिवलं, ती जाताना तिच्यासाठी हातात सुई धरता आली नाही."

पिक्चर कॉलेजच्या हॉलमध्ये दाखवला. चाचा ठेवणीतला कोट घालून पहिल्या रांगेत बसले होते. पोरं सगळी मागे. पुढची बाकी रांग रिकामी. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. पडद्यावर मढी आली, पँटीला धारदार घड्या, आणि हॉल हसत सुटला. मागून कुणीतरी म्हणालं, "चालली मुंजीला."

मला वाटलं, आता चाचा मनाला लावून घेणार, उठून जाणार. त्यांच्याकडे बघायचा मला धीर होईना. इतक्यात माझ्या बरगडीत त्यांचं कोपर बसलं.

"त्या तिसऱ्याची कॉलर बघ. जीव गेला, पण कॉलर ताठ."

आणि ते हसले. चष्मा काढून, रुमालाने डोळे पुसत, खुर्ची हलेपर्यंत हसले. पिक्चर संपून दिवे लागले तरी थांबेनात.

पुढे पोरं पांगली. मला खराडीत नोकरी लागली, आईचं काम सुटलं, आम्ही बिबवेवाडीला राहायला गेलो. चाचा पुन्हा एकटेच डबा उघडत असणार. ते वारल्याचं फोनवर कळलं. मी पोहोचले तोवर दफन झालं होतं.

आमच्या घरातली मी पहिली बी.ए. आणि चाची गेल्यावर हमीदचाचा एकदा मनसोक्त हसले, तेव्हा त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर मी होते.