तोंडवलीची फाईल

पास्कल फर्नांडिस यांनी पहिल्याच दिवशी मला सगळ्या ऑफिससमोर उभं करून वाचायला लावलं. कुडाळच्या जमीनमोजणीच्या एका खाजगी ऑफिसात मी नुकतीच लागले होते. त्यांनी लॅपटॉपवर एक फाईल उघडली. सत्तर-ऐंशी ओळी, नुसते आकडे आणि इंग्रजी अक्षरं. म्हणाले, मोठ्यानं वाच. एका ठिकाणी दशांश चिन्ह माझ्याकडून राहिलं, तर पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात. तिसऱ्या वेळी माझा आवाज फाटला. बाकीचे माना खाली घालून बसले होते. सगळ्यांची कधी ना कधी हीच गत झाली होती.

आमचं काम उपग्रहांवरून जागा मोजायचं. दोन यंत्रं असतात. एक तिवईवर ठरावीक जागी उभं करायचं, दुसरं काठीवर घेऊन हिंडायचं. उभ्या यंत्राला आधी सांगावं लागतं की तू नेमका कुठे आहेस, जमिनीपासून किती उंच आहेस. ते सगळं त्या फाईलमध्ये असतं. तिथला आकडा चुकला, तर दिवसभराची मोजणी तेवढीच सरकते आणि कुणाला पत्ता लागत नाही. फर्नांडिस सरांनी गावागावाची वेगळी फाईल ठेवली होती. मूळ फाईलला हात लावायचा नाही, नक्कल काढून बदल करायचा, असा त्यांचा दंडक. आणि काम सुरू करण्याआधी, जागा आधीच पक्की मोजलेल्या एखाद्या दगडावर काठी टेकवून उत्तर जुळतं का ते पाहायचं. "सॅटेलायट खोटा बोलणत नाय," ते म्हणत. "खोटा बोलता तो मानूस."

तळेऱ्याला एकदा मी उंचीच्या आकड्यात आठाच्या जागी पाच टाकला. दुपारी तीनला त्यांच्या ते लक्षात आलं. मजुरांच्या देखत त्यांनी माझी सकाळपासूनची मोजणी पुसली. "आज दिसभर तू वारो मोजलस," एवढंच बोलले आणि मला पुन्हा पहिल्या खुणेवर पाठवलं. मी रडत काठी धरली होती. ते उन्हात माझ्या मागोमाग चालत होते, पण पाण्याची बाटली त्यांनी पुढे केली नाही. मला त्यांचा राग यायचा. तरी आज मला जे काही येतं ते त्यांनीच शिकवलेलं आहे, हेही खरं.

तोंडवलीला किनाऱ्यालगतचा रस्ता रुंद व्हायचा होता. आखणीचे खुंटे मारायचं काम आमच्याकडे आलं. त्याच दिवशी सरांना दुसऱ्या कामावर आठवडाभर वेंगुर्ल्याला जावं लागलं, म्हणून मी एकटी गेले. मी नक्कल काढली नाही. मूळ फाईलच उघडली आणि उंची बदलताना भलतंच बटण दाबलं गेलं. यंत्रानं आपली जागा स्वतःच अंदाजानं ठरवली आणि सरांच्या आकड्यांवर लिहून टाकली. पडताळणीचा दगड सुरूच्या बनापलीकडे होता. सोबतचे रस्त्याच्या खात्याचे अधिकारी घाई करत होते. मी दगडापर्यंत गेले नाही.

खुंटे जवळजवळ चार मीटर गावाच्या बाजूला पडले. त्या चार मीटरांत इंदूबाईंचं स्वयंपाकघर आलं. मासे विकणारी विधवा बाई, दोन मुलगे होडीवर जाणारे. सर परत येऊन फाईल आपल्या जुन्या प्रतीशी ओळीओळीनं ताडून पाहेपर्यंत भिंती पाडून झाल्या होत्या.

त्यांनी ऑफिसच्या मालकांना सांगितलं. मालक म्हणाले, आता बोलून काय उपयोग, गप्प बसा. सरांनी दुसऱ्या दिवशी एसटी पकडली, तोंडवलीला गेले आणि इंदूबाईंना सांगून आले की तुमचं घर रेषेत नव्हतं, चूक माझी. मालकांनी त्याच आठवड्यात त्यांना काढलं. ते खण रिकामे करत होते तेव्हा मी समोर बसून कुठल्यातरी नकाशावर रंग भरत होते. त्यांनी माझं नाव कुणालाच सांगितलं नव्हतं. मीही सांगितलं नाही.

बऱ्याच दिवसांनी मी त्यांच्या मालवणच्या घरी गेले. आभार मानायचे होते. त्यांनी मला बस म्हटलं नाही.

"तुका वाचवलंय असा समजू नको," ते म्हणाले. "फायल माझी व्हती. तिका कुलूप मी घालूक नाय, ती माझी चूक. तुझी माझ्याकडे ठेवन जाव नको. त्या बायेक जावन सांग."

मी हो म्हटलं. गेले नाही. आधी पावसाचं निमित्त, मग कामाचं. मालकांनी सरांचं टेबल मला दिलं होतं. आठ महिन्यांनी सर हृदयविकारानं गेले. सोमवारी मूठभर माती टाकून मी चर्चच्या आवारातून बाहेर पडले आणि गुरुवारी तोंडवली गाठली.

इंदूबाई प्लास्टिकच्या कागदाखाली चूल मांडून बसल्या होत्या. मी मोजणीवाली म्हणून त्यांनी ओळखलं. तरी पाण्याचा पेला दिला. मी विषय काढायच्या आत त्याच बोलल्या.

"तो तुमचो फर्नांडिस इल्लो. चूक माझी म्हणालो. माझ्या दोनय झिलांनी त्याका हयच आडवो घातल्यानी, वल्ह्यान मारल्यानी. मी सोडवूक गेलंय नाय."

तेव्हा मी सांगितलं. यंत्र माझ्या हातात होतं, दगडापर्यंत मी गेले नाही, सरांचा काही दोष नव्हता. त्यांनी चुलीतलं जळतं लाकूड मागे ओढलं.

"तो ऱ्हवता खंय?" त्यांनी विचारलं. "पोरांका पाठवतंय. पाय धरतले त्याचे."

मी म्हटलं, सोमवारी त्यांना माती दिली.

इंदूबाई उठल्या. पेला माझ्या ओठांशी होता, अर्धा भरलेला. तो त्यांनी माझ्या हातातून काढून घेतला आणि पाणी वाळूत ओतलं.