हजेरीत त्यांचं नाव पुकारलं तेव्हा

मंडळी, घरी येऊन दोन तास झाले, तरी अंगावरचा गणवेश उतरवलेला नाही.

आम्ही हौशी माणसं एका जुन्या पलटणीची एकाहत्तरची लढाई गावोगाव करून दाखवतो. शेवटी हजेरी होते. पडलेल्या जवानाचं नाव पुकारलं, की त्याचं काम करणारा "हजर साहेब" म्हणतो.

आज श्रीगोंद्याजवळ ऐनवेळी कळलं, माझ्या जवानाची बायकोच समोर बसलीय.

नाव पुकारलं. माझी जीभच उचलेना. पुन्हा पुकारलं.

आजी उठल्या. "म्हन की, लेकरा. तवा यांचं नाव घेतलं आसंल, तर कुनीच बोललं नसंल."

"हजर साहेब!"

नवरा दारात यावा तसा त्यांनी चटकन डोक्यावर पदर घेतला.

सांगा, उद्या राहुरीत मी कुठल्या तोंडानं हजर म्हणू?