साखरेमागचा टाक

आमचं घराणंच संशयी. पप्पा नागपूरहून माझ्याकडे अमेरिकेत, बॉथेलला आले ते विमानातल्या पाण्याच्या बाटलीचं सीलसुद्धा दोनदा तपासून. मीही त्यांचीच मुलगी. त्यांना साखर बंद आहे, म्हणून डबा मी वरच्या फळीवर कॉर्नफ्लेक्सच्या मागे लपवला होता. डब्याच्याही मागे आणखी एक वस्तू होती, ती वेगळ्या कारणानं.

शनिवारी लॅबमधून लवकर आले, तर पप्पा ओट्याजवळ उभे आणि डबा उघडा. मी रागावणार तेवढ्यात त्यांनीच तळहात पुढे केला.

"हा टाक कोणाचा?"

तळहातावर हिरवट पडलेलं ब्राँझचं नाणं होतं. त्यावर उभी देवी, एका हातात फळांनी भरलेलं शिंग, दुसऱ्या हातातली थाळी वेदीवर कललेली. आमच्या घरात देव नाहीत. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा देव्हाऱ्यातले सगळे टाक नदीत सोडले, आणि त्यापायी सख्ख्या भावांचा अबोला सोसला. मुलीकडे टाक येतो तो सासरहून, एवढं गणित पप्पांनी चष्मा लावायच्या आधीच मांडलं होतं.

"टाक नाही पप्पा, रोमन कॉइन आहे. उलटं करून बघा."

मागे पानांची माळ घातलेलं राजाचं डोकं. त्यांनी नखानं कड खरवडून पाहिली.

"एका बाजूनं राजा, दुसऱ्या बाजूनं देवी. तिकडंही हेच होतं काय!" मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "मग लपवलं काहून?"

चोराच्या मनात चांदणं. मी सगळं सांगितलं. एका मुलानं दिलंय, पुण्याचा आहे, जुनी नाणी जमवतो. ही एकोप्याची देवी, राजघराण्यातल्या लग्नाला अशी नाणी पाडायचे. आम्हाला लग्न करायचंय.

"त्याच्या घरी देव्हारा असेल."

"आहे. पण तो स्वतः मानत नाही."

"उद्या त्याची आई तुझ्या हातात टाक देईल, तेव्हा तो काय म्हणेल? विचारलंस?"

नव्हतं विचारलं. दुधाच्या कॅनवरची तारीख दोनदा वाचणारी मी, त्याच्या उत्तराला घाबरत होते. वर्षभर घाबरत होते.

मी फोन उचलून त्याला लावला. एरवी माझा कॉल असला की पप्पा बाल्कनीत जातात. त्या दिवशी त्यांनी चहात दोन चमचे साखर घातली आणि खुर्ची ओढून समोर बसले. मी अडवलं नाही.

"स्पीकरवर ठेव," म्हणाले.