या, बसा, चहा घ्या

ऊना क्रुकशँकला "आता वय झालं हो तुमचं" असं म्हणायची आमच्या खोऱ्यात कुणाची टाप नव्हती. मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्या टोळ्यांना तिनं चाळीस वर्षं रांधून घातलं. भलेभले दांडगे गडी, पण ऊनाच्या ताटासमोर मांजरं होऊन बसायचे. स्वयंपाक आटोपला की बाई जी गायब व्हायची ती थेट पुलरांच्या कुरणामागच्या ओढ्यात. गुडघाभर पाणी, गार असं की हाडं बोलतात, आणि त्यात ट्राउट मासे. नवरा ॲलेक होता तेव्हा म्हणायचा, "बायको हवी असेल तर ओढ्यावर जा, घरात फक्त मी सापडेन."

आणि अशा बाईच्या नजरेच्या ऐन मधोमध गेल्या हिवाळ्यात डाग बसला. कडेचं सगळं दिसे, पण ज्याच्याकडे रोखून बघावं नेमकं तेच पुसून जाई. डॉक्टर म्हणाले, हे आता असंच राहायचं. ऊनानं ही गोष्ट कुणाला म्हणजे कुणाला सांगितली नाही, पोटच्या लेकीलाही नाही. ओढ्यातली मासेमारी म्हणजे सगळा डोळ्यांचा खेळ. पिसांची, पोटात गळ लपवलेली खोटी माशी दोरीच्या टोकाला बांधून पाण्यावर अलगद टाकायची, ती तरंगत येते, मासा वर येऊन ती तोंडात धरतो, ते बघायचं आणि मग काठी उचलायची. बघायचंच कसं? सगळा हंगाम संपत आला आणि ऊनाला एक मासा लागला नव्हता. शेवटी तिनं ठरवलं, आजचा दिवस बघायचा. आज लागला तर लागला, नाहीतर बापाची ही बांबूची काठी शेजारच्या मर्डो पुलरला देऊन ओढ्याला रामराम. मर्डोला तसं बोलूनही झालं होतं. तो मेला एका पायावर तयार!

तर आजच नेमकी लेक म्हणाली, "आई, ग्रीअरला ने गं सोबत. सकाळपासून डोकं उठवलंय कार्टीनं."

ग्रीअर म्हणजे नात, पाच वर्षांची. लाल गमबूट, खरचटलेला गुडघा आणि तोंडाला कुलूप नाही.

"आजी, हा दगड घेऊ?"

"घे."

"हापण?"

"खिसे फाटेपर्यंत घे, पण तोंड मिट. माशांना ऐकू जातं."

"त्यांचे कान कुठेयत?"

ऊनानं कपाळाला हात लावला. मनातून मात्र तिला बरं वाटत होतं. आमच्याकडे फेब्रुवारी म्हणजे भर उन्हाळा; ऊन चांगलं तापलं होतं, मानुकाच्या झुडपांत सिकाडे किडे कानठळ्या बसतील असे किरकिरत होते. एखादा सिकाडा पाण्यात पडला की ट्राउट वेडे होतात, म्हणून तिनं दोरीला सिकाड्यासारखी जाडजूड माशी बांधली. म्हणजे बोटांनी चाचपत बांधली.

मासा माशी धरतो त्या क्षणी काठी ओढली की माशी तोंडातून सुटते. जरा दम धरावा लागतो, आणि तोच तर धरवत नाही. म्हणून आमच्याकडे घराघराचं एक ठरलेलं वाक्य असतं, ते मनात पुरं म्हणायचं आणि मगच काठी वर. पुलरांकडे घरातल्या कुत्र्यांची नावं म्हणतात. ऊना म्हणायची, "मर्डोनं इतकी कुत्री पाळलीत की यादी संपेस्तोवर मासा म्हातारा होतो." तिच्या बापाचं वाक्य साधं होतं: या, बसा, चहा घ्या.

पहिल्याच डोहात 'बुळुक' असा आवाज आला. ऊनानं नुसत्या आवाजावर वाक्य म्हटलं, काठी उचलली, पण उशीर झाला होता; दोरी रिकामीच परत आली.

"गेला!" ग्रीअर किंचाळली. "अगं आजी, केवढा होता! माशी इथे होती आणि तू तिकडे काय बघत होतीस?"

"इथेच बघत होते."

"नव्हतीस. तुला दिसली नाही ना?"

"दिसतं मला सगळं!" ऊना अशी काही खेकसली की पोरीचा खालचा ओठ बाहेर आला. झालं! ऊनाचं तिचं तिलाच वाईट वाटलं. ती मटकन दगडावर बसली.

"नाही दिसली गं. मला मधलं दिसत नाही." एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा हे तिच्या तोंडून बाहेर पडलं, तेही कुणापुढे, तर पाच वर्षांच्या चिमुरडीपुढे.

ग्रीअर तिच्यासमोर उभी राहिली. "मी दिसते?"

"नाही."

मग ती बाजूला सरकली. "आता?"

"आता दिसतेस. शेंबूड पूस."

ग्रीअरनं बाहीनं नाक पुसलं. "मग माशी मी बघते. वाक्यपण मीच म्हणते."

"बरं. तुझं म्हणून झालं की मी काठी उचलीन," ऊना म्हणाली. दुसरा काही इलाजही नव्हता.

वरच्या डोहात ऊनानं माशी टाकली. ग्रीअर पाण्याकडे डोळे फाडून बघत होती. बुळुक!

"या! बसा! चहा घ्या!" ऊनाचा हात शिवशिवला, पण पोरीचं संपेचना. "स्कोन घेता का? ताजे आहेत, आजीनं सकाळीच..."

दोरी सैल पडली.

"अगं भवाने! स्कोन कुठून काढलेस?"

"तूच म्हणतेस ना, कुणाला नुसत्या चहावर उठू द्यायचं नसतं!"

खरंच होतं. ऊनाच्या घरातून लोणी लावलेला स्कोन-पाव न खाता कुणी बाहेर पडल्याचं ऐकिवात नाही. हसून हसून तिचं पोट दुखायला लागलं. पण आता धबधब्याखालचा एकच डोह उरला होता. त्याच्यापुढे सगळा कडा.

तिथं पोचल्यावर ग्रीअर एकदम गप्प झाली. ही गप्प होते हेच नवल!

"आजी," ती कुजबुजली, "आहे. मोठ्ठा आहे. शेपूट हलवतोय."

"कुठे? डावीकडे की उजवीकडे?"

डावंउजवं पोरीला कुठलं यायला! ती विचारात पडली. "माझ्या खरचटलेल्या गुडघ्याच्या बाजूला."

ऊनानं माशी टाकली.

"अजून पुढे. अजून. हां! येतेय, येतेय... बघितलं त्यानं! आजी, तो वर..."

ऊनाला नुसतं चकाकणारं पाणी दिसत होतं आणि मधे तो मेला डाग. छाती अशी धडधडत होती की वाटलं, माशाला ऐकू जाईल.

"या," ग्रीअर म्हणाली. "बसा." ती एक पाऊल पाण्याकडे सरकली. "चहा..."

आणि थांबली. म्हण की गं, म्हण!

"घ्या!"

ऊनानं काठी उचलली आणि काठी कमानीसारखी वाकली.

"लागला! आजी, लागला!"

"सरक! दोरीत पाय नको घालूस!"

मासा धबधब्याकडे धावला, फिरला, सरळ त्यांच्या पायांवर आला. ऊना दोरी ओढतेय, मागे सरतेय, तोंडानं शिव्यांचा पट्टा चालू, लेकीनं ऐकल्या असत्या तर पुन्हा पोर दिली नसती. ग्रीअर जाळी घेऊन पाण्यात घुसली ती आडवीच झाली. गमबूट भरले, केस भिजले, पण उठली तेव्हा जाळी छातीशी कवटाळलेली आणि जाळीत मासा थयथय नाचत होता.

"धरला! मी धरला! नाही, आपण धरला!"

ऊनानं मासा पाण्यातच धरला आणि मान वळवून डोळ्याच्या कडेनं बघितलं. तांबूस पिवळं अंग, त्यावरचे लाल ठिपके. ठिपके दिसले तिला! ग्रीअरनं माशाचा मुका घेतला, तेवढ्यात तो सुळकन निसटून गेला. कुणालाच त्याचं काही वाटलं नाही.

मग ऊना पाण्यातच बसली आणि भडाभडा रडली. काठी आता कुणाला द्यायची नव्हती, मर्डोला काय वाटायचं ते वाटो.

"आजी, लागलं का तुला?"

"नाही गं राणी. आनंद झालाय."

ग्रीअर जरा वेळ थांबली. मग तिला कंटाळा आला असावा, कारण ती खडकावर चढून पाण्यात वाकून बघायला लागली.

"तुझं रडून झालं की सांग," ती म्हणाली. "इथे अजून एक आहे."

"ह्याच्याएवढा?"

"ह्याच्याहून मोठा."

ऊनानं बाहीनं डोळे पुसले, काठी उचलली आणि विचारलं, "कुठल्या बाजूला गं?"