उजव्या कुशीवर वळा

मोघे सर गेले तेव्हा आम्ही अठरा जण त्यांच्यासमोर डोळे मिटून पडलो होतो.

आज वर्ष झालं. वर्षभर हे कुणाला सांगितलं नाही. कॉमेंटमध्ये 'तुझी काही चूक नाही' असं लिहू नका, प्लीज. डोकं फिरतं.

जे त्यांना ओळखत नाहीत त्यांच्यासाठी: सर कसबा पेठेत योगाचा क्लास घ्यायचे. दुसरा मजला, खाली तांब्याची भांडी ठोकणारे काका. वय बहात्तर, पांढरी हाफ पँट, कौतुक शून्य.

मी तिथे योगासाठी गेलो नव्हतो. मुक्तासाठी गेलो होतो. लपवण्यासारखं काही नाही, अख्ख्या क्लासला माहीत होतं.

आधी ती विमाननगरला पॉवर योगा करायची, म्हणून मीही. एसी, म्युझिक, एकामागून एक सूर्यनमस्कार. खोटं बोलणार नाही, मजा यायची. वजन उतरलं, स्टॅमिना आला. तिसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग सोडल्यापासून पहिल्यांदाच नीट झोप लागायला लागली.

मग दिवसभर लॅपटॉपसमोर बसून तिची कंबर धरली आणि कुणीतरी तिला मोघे सरांकडे पाठवलं.

आठवड्याने मीही हजर.

सरांकडे सगळं स्लो. भिंतीला दोर, मांड्यांना पट्टे, हाताखाली लाकडी ठोकळे. एकेका आसनात तीन-तीन मिनिटं. गुडघे गेलेल्या काकूंना तेच आसन खुर्चीवर बसून. तीन महिन्यांत मुक्ताची कंबर दुखायची थांबली.

मी एकदा विचारलं, सर, खरा योगा कुठला, तिकडचा की इकडचा?

"ज्याला घाम हवाय त्याने तिकडे जावं. ज्याची कंबर धरलीय त्याने इकडे यावं. तुमच्यासारख्याने कुठेही जावं, पण शेवटी दहा मिनिटं गप पडावं."

मला ते 'अहो अर्धे इंजिनिअर' म्हणायचे. दुसरं कुणी म्हणालं असतं तर हात उचलला असता.

हात उचलण्यावरून आठवलं. एकदा पार्किंगवरून खाली एकाशी वाजलं. क्लास सोडून मी परत खाली निघालो, तर सर म्हणाले, सहा वेळा सावकाश श्वास सोडा, मग जा, मी अडवणार नाही. सोडला सहा वेळा. खाली गेलो तर माणूस गाडी घेऊन निघून गेलेला.

तेव्हापासून बुधवार पेठेत दुकान उघडायच्या आधी मी रोज भ्रामरी प्राणायाम करतो. मोबाइल रिपेअरिंगचं काम आहे, कस्टमर डोकं खातात. भांडणं कमी झाली. बंद नाही झाली.

शवासन मात्र जमेना. शीर्षासन चार महिन्यांत आलं. नुसतं आडवं पडणं दीड वर्षात नाही.

सरांचा नियम एकच. ते 'उजव्या कुशीवर वळा' म्हणेपर्यंत हलायचं नाही, डोळे उघडायचे नाहीत. कुणाचा फोन वाजो, खालून मिरवणूक जावो. एकदा कुणीतरी चुळबुळ केली म्हणून सगळ्यांना अर्धा तास तसंच पाडून ठेवलं होतं.

मी रोज डोळे उघडायचो.

माझ्या पुढे मुक्ताची मॅट. तिच्या पलीकडे सरांची खुर्ची. मी तिला बघायचो, सर मला.

"डोळे," एवढंच म्हणायचे. मुक्ता मिटल्या डोळ्यांनी हसायची.

त्या दिवशी क्लासच्या आधी तिने जिन्यात थांबवलं. लग्न ठरलंय. मुलगा बँगलोरला असतो. दुसऱ्या कुणाकडून कळायला नको म्हणून सांगतेय, म्हणाली.

शवासनात मी डोळे घट्ट मिटले. तिच्याकडे बघायचंच नाही, ठरवलं. रडू येत होतं, तेही दिसायला नको होतं.

सर 'डोळे' म्हणाले नाहीत.

मला वाटलं, आज जमलं. दीड वर्षात पहिल्यांदा. खरं सांगतो, तशातही थोडं बरं वाटलं.

शवासन पावणेआठला संपतं. खालच्या काकांची ठोकाठोक आठला सुरू होते. ती सुरू झाली. आम्ही पडूनच. कुणीतरी हललं असेल, सर शिक्षा करतायत, असं मला वाटलं.

सगळ्यांनाच तसं वाटलं.

शेवटी क्लासमधल्या सगळ्यात जुन्या कुलकर्णीकाकू उठल्या. त्यांना मुलीचा डबा करायचा होता.

सर खुर्चीतच होते. मान छातीवर.

आम्ही तिघांनी खुर्चीसकट खाली आणलं. अरुंद जिना. गल्लीत ॲम्ब्युलन्स येईना, कोपऱ्यापर्यंत तसेच पळालो. मी स्कूटरवाल्यांवर ओरडत होतो, सगळ्यांवर ओरडत होतो. सहा श्वास कुठले.

डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक, बराच वेळ होऊन गेलाय. लगेच आणलं असतं तरी कदाचित उपयोग झाला नसता.

कदाचित.

मुक्ता हॉस्पिटलच्या बाकावर माझ्या शेजारी बसली होती. म्हणाली, "तू तर रोज बघतोस ना रे?"

दोष देत नव्हती. नुसतं विचारत होती.

ती आता बँगलोरला आहे.

मोघेकाकूंना, म्हणजे सरांच्या मिसेसना, हे सांगायला मी दोनदा घरी गेलो. दोन्ही वेळा चहा पिऊन परत आलो. दुसऱ्यांदा त्यांनी सरांचा योगाचा पट्टा दिला, म्हणाल्या, तुम्ही नियमित जाता ना, ठेवा. मी घेतला. काय करणार होतो?

काकू, तुम्ही फेसबुकवर असता, हे वाचाल. तोंडावर बोलता आलं नाही. माफ करा म्हणायचीही हिंमत नाही. पट्टा परत मागितलात तर आणून देईन.

क्लास आता कुलकर्णीकाकू घेतात. खुर्ची तिथेच आहे. मी रोज जातो. शवासनात डोळे उघडे ठेवून खुर्चीकडे बघत पडतो. काकूंना दिसतं, पण त्या काही म्हणत नाहीत.

आज सकाळीही उघडेच होते, सर.

एकदा ओरडा ना.

नमस्कार करतो.
तुमचा अर्धा इंजिनिअर